काही झालं नाही ना?

इंजिन बंद पडलं तेव्हा आम्ही एका तिठ्यावर होतो. लेस्टरशरमधला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, समोरून रमतगमत चाललेला एक ट्रॅक्टर. तो जाईपर्यंत थांबलो, मग क्लच जरा लवकर सोडला आणि गाडी गचके खाऊन गप्प झाली. तसं हे नेहमीचंच. मोटरसायकलचं इंजिन कारला बसवलं की खालच्या आरपीएमला त्याच्यात जीव नसतो.

शेजारच्या सीटवर आप्पा होते, माझे वडील. कोल्हापूरहून पहिल्यांदाच इंग्लंडला आलेले. मे संपत आला होता, पण या गाडीला छप्पर नाही, दारं नाहीत, म्हणून त्यांनी माकडटोपी घातली होती.

इंजिन बंद पडल्यावर शांतता व्हायला हवी होती. ती झाली नाही. सीटच्या मागून बारीक, एकसुरी आवाज येत राहिला. झूंऽऽऽ.

“मशीन बंद पडलं न्हवं?” आप्पा म्हणाले.

“हो.”

“मग पंप कशापायी बोंबलतोय अजून?”

मी काही बोललो नाही. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

“डायरेक्ट केलायस व्हय रं?”

मी किल्ली फिरवली, आवाज थांबला. पुन्हा किल्ली फिरवली, गाडी चालू केली आणि आम्ही निघालो. एवढंच घडलं. पेट्रोल सांडलं नाही, आग लागली नाही, कुणाला खरचटलंही नाही. या लेखात पुढेही काही भयंकर घडत नाही, ते आधीच सांगून टाकतो. काहीच घडलं नाही, आणि तरीही त्या आवाजाने माझी दोन-तीन आठवड्यांची झोप खाल्ली. असं का झालं, ते स्वतःला समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी गाडीविषयी. १९५७ साली कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनियरच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची चिमुकली स्पोर्ट्स कार काढली. नळ्यांची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन सीटा, संपलं. ती सुट्या भागांत मिळायची आणि घरी आणून जोडायची. कारण साधं होतं: तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. याबद्दल एक किस्सा सांगतात. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर करसवलत जायची, म्हणून कंपनीने गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या; ज्याला जोडायची असेल त्याने त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात. अक्षर पाळायचं आणि हेतू वळसा घालून टाळायचा, ही कला आपलीच मक्तेदारी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा.

१९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांनी २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बनवावी यावर पुस्तक लिहिलं आणि ब्रिटनभर लोक आपापल्या गॅरेजात नळ्या वेल्ड करू लागले. त्यातल्या काही जणांच्या डोक्यात आलं की कारचं जड इंजिन हवंच कशाला? यामाहा आर-वनसारख्या सुपरबाइकचं इंजिन घ्यावं: हजार सीसीच्या आत, दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर, गिअरबॉक्ससकट. गाडी पाचशे किलोंच्या आत राहते आणि पळते अशी की पोटातलं पाणी हलतं.

माझ्याकडे आहे ती अशीच. अर्धवट जोडलेली विकत घेतली, उरलेली दोन हिवाळे खपून पूर्ण केली. आप्पांनी आल्या आल्या विचारलेला पहिला प्रश्न होता, “हितं ह्याला पासिंग देत्यात?” देतात. सरकारी केंद्रावर एकेक सुटी गाडी तपासतात. २००९ पासून त्या तपासणीला ‘आयव्हीए’ म्हणतात. ब्रेक, आवाज, धूर, अगदी बाहेरच्या पत्र्याच्या धारदार कडासुद्धा बघतात. आपल्याकडे मोटर वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि सुप्रीम कोर्टाचा २०१९चा निकाल बघता, कंपनीने बनवलेल्या गाडीच्या रचनेत फेरफार करणंच इतकं अवघड आहे की घरी बनवलेल्या गाडीचं नाव काढायला नको. आप्पांना याचं फार नवल वाटलं. “म्हंजे सरकार तुझ्यावर इस्वास ठेवतंय,” ते म्हणाले. मी तेव्हा हसलो होतो.

आता पेट्रोलकडे येऊ, कारण सगळी गोष्ट तिथे आहे.

मोटरसायकल वळणावर झुकते, हे आपण सगळे जाणतो. झुकल्यामुळे आणखी एक गोष्ट होते, ती सहसा लक्षात येत नाही. पाण्याने भरलेली बादली हातात धरून गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, बादलीच्या तळालाच चिकटून राहतं. बाइकच्या टाकीतलं पेट्रोल तसंच असतं. बाइक कितीही झुकू दे, बाइकच्या दृष्टीने ‘खाली’ म्हणजे टाकीचा तळच. म्हणून टाकीच्या तळाशी पंप बसवला की काम झालं, त्याला कायम पेट्रोल मिळतं.

कार झुकत नाही. आंबा घाटात एसटीमध्ये हातात पाण्याचा ग्लास धरून बघा, प्रत्येक वळणाला पाणी बाहेरच्या कडेला चढतं. कारच्या टाकीत हेच होतं. टाकी अर्धी असताना जोरात वळण घेतलं की पेट्रोल एका कडेला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि ऐन वळणावर इंजिन अडखळतं. यावर उपाय म्हणजे स्वर्ल पॉट नावाचं उभट, लहान भांडं. टाकीतून एक छोटा पंप त्यात सतत पेट्रोल भरत राहतो आणि त्याच्या तळातून मोठा पंप इंजिनाकडे ढकलतो. जास्तीचं पेट्रोल परत भांड्यात, भांड्यातून सांडलेलं परत टाकीत. टाकीतलं पेट्रोल कितीही डुचमळो, भांडं भरलेलं राहतं.

मोठा पंप टाकीपेक्षा खाली बसवायचा, कारण तो ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. त्याच्या आधी जाड जाळी, नंतर बारीक फिल्टर. होज साधा रबरी चालत नाही. दाब सोसणारा तर हवाच, शिवाय आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने सडणार नाही असा हवा. दाब किती, तर साधारण तीन बार. आपण कारच्या टायरमध्ये ३२ची हवा भरतो ना, त्या हिशोबात हे ४३ झाले. टायरहून जास्त दाबाने पेट्रोल वाहून नेणारी नळी तुमच्या कमरेजवळून जाते आणि तापून लाल होऊ शकणारा एक्झॉस्ट शेजारच्या सीटच्या बाजूने बाहेर पडतो. आर-वनचं इंजिन कारमध्ये आडवं फिरवून बसवावं लागतं, त्यामुळे एक्झॉस्ट डावीकडे येतो. इंग्लंडात ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणजे डावीकडे पाहुणा.

म्हणूनच पंपाला वीज देण्याचा अधिकार किल्लीकडे नसतो. तो ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या मेंदूकडे असतो. किल्ली फिरवली की ईसीयू एका रिलेमार्फत पंप दोन-तीन सेकंद चालवतो, नळीत दाब तयार करतो आणि बंद करतो. इंजिन फिरायला लागलं की पुन्हा चालू. इंजिन थांबलं की पंप थांबला. कल्पना सरळ आहे: फिरत नसलेल्या इंजिनाला पेट्रोल कशाला हवं? अपघातात नळी फाटली, इंजिन बंद पडलं आणि ड्रायव्हरला किल्लीपर्यंत हात नेता आला नाही, तरी पंप मिनिटाला लिटरभर पेट्रोल बाहेर ओतत बसणार नाही.

बाइकच्या ईसीयूला आणखी एक सेन्सर जोडलेला असतो. बाइक पडली हे त्याला कळतं आणि तो इंजिन बंद करतो. हा सेन्सर म्हणजे मुळात एक लंबक. बाइक चालू असताना वळणावर झुकली तर त्याला काही जाणवत नाही, बादलीतल्या पाण्यासारखंच. बाइक रस्त्यावर आडवी झाली तरच तो कलतो. कारमध्ये याचं सगळं उलटं होतं. कार सरळ उभी असते, पण वळणावर लंबक बाहेर फेकला जातो. एक ‘जी’ इतक्या जोराचं वळण घेतलं तर लंबकाच्या मते गाडी ४५ अंश कललेली असते. यंत्र खोटं बोलत नाही. त्याने आयुष्यभर ज्याला ‘पडणं’ म्हटलं, त्याचा अर्थ नव्या शरीरात बदललेला असतो.

गाडी बांधताना या सेन्सरविषयी मला हमखास एकच सल्ला मिळाला: काढून टाक, त्या जागी एक रेझिस्टर लाव, म्हणजे ईसीयूला कायम वाटत राहील की गाडी उभी आहे. मी तसं केलं नाही. हिशोब केला. माझ्या इंजिनाचा सेन्सर साधारण ६५ अंशांना इंजिन तोडतो, म्हणजे कारला दोन ‘जी’हून जोराचं वळण लागेल आणि साध्या टायरवर ते शक्य नाही. मग तो सेन्सर गाडीच्या मध्यावर, बाण वर करून, अगदी सरळ बसवला. आता गाडी उलटली तर तो इंजिन बंद करेल. बाइकसाठी केलेली सोय कारला चपखल लागू पडेल. याचा मला फार अभिमान होता. ओळखीच्यांना बोलावून दाखवायचो.

आणि असा मी एप्रिलमध्ये पंप डायरेक्ट केला.

‘डायरेक्ट’ हा शब्द ज्यांनी गॅरेजात वेळ घालवला आहे त्यांना सांगायला नको. मधलं काहीतरी, म्हणजे स्विच, सेन्सर, रिले, फ्यूज, वगळून वायर थेट जोडणं म्हणजे डायरेक्ट. हिवाळ्यात ओल धरून रिलेच्या पायांवर हिरवट गंज चढला होता. किल्ली फिरवली की कधी पंप वाजायचा, कधी नाही. शनिवारची सकाळ, चार महिन्यांनी पडलेलं पहिलं कोरडं ऊन. नवा रिले मागवला तर मंगळवारी येणार होता. मी सीटमागे हात घातला आणि किल्लीवर चालणाऱ्या एका तारेतून पंपाला थेट वीज दिली. पाच मिनिटांचं काम. गाडी झकास चालली.

मंगळवारी रिले आला. चार-पाच पौंडांची ती डबी मी गॅरेजच्या फळीवर ठेवली. ती तिथे सात आठवडे होती.

‘तात्पुरतं’ या शब्दाइतकी टिकाऊ वस्तू मी पाहिलेली नाही. आपल्या घरातली कितीतरी कामं बघा: नळाला बांधलेली चिंधी, फ्रिजखाली घातलेला पुठ्ठा. सगळी कधीतरी तात्पुरती होती. गंमत अशी की मी विसरलो नव्हतो. रोज नाही, पण गाडी काढताना दर वेळी आठवायचं. ‘या रविवारी’ असं म्हणून मी निघायचो आणि परत आल्यावर वाटायचं, चालतंय की.

परतीच्या वाटेवर आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. तसंही या गाडीत बोलायचं तर ओरडावं लागतं. घरी आल्यावर, चहा घेताना, मीच विषय काढला.

“आप्पा, तुम्ही गॅरेजात दिवसाला किती गाड्या डायरेक्ट करत होता?”

आप्पांचं शिवाजी उद्यमनगरात टू-व्हीलरचं गॅरेज होतं. “शेवटशेवटी लई,” ते म्हणाले. साइड स्टँडचा सेन्सर आला तेव्हापासून. पावसात त्यात चिखल जातो, गाडी चालू होत नाही. गिऱ्हाइकाला कामावर जायचं असतं, त्याला नव्या स्विचचे पैसे जड वाटतात. तो म्हणतो, डायरेक्ट करून द्या. “न्हाई म्हणलं तर शेजारच्याकडं जातंय. त्यो करून देतोय.”

“मग?”

“मग करायचो. पर तांबडी टेप गुंडाळायचो वायरीला. आन् बिलावर लिवायचो, ‘साइड स्टँड डायरेक्ट केले आहे.’”

मला हे माहीत नव्हतं. लहानपणी त्या गॅरेजात मी कितीतरी दुपारी काढल्या आहेत, टेपेची रिळं पाहिली आहेत, पण लाल टेपेला काही अर्थ आहे हे कधी कळलं नव्हतं. मी विचारलं, कशासाठी? मला वाटलं ते जबाबदारीविषयी काहीतरी सांगतील.

“उद्या दुसऱ्या मिस्त्रीनं उघडली गाडी तर त्याला कळाय नको? त्यो बिचारा दिसभर फॉल्ट हुडकत बसंल.”

एवढंच कारण. मी जरा हट्टाला पेटलो. म्हटलं, मिस्त्रीचं ठीक आहे, गिऱ्हाइकाचंही ठीक आहे, त्यानेच मागितलं होतं. पण त्या गाडीवर उद्या त्याची बायको बसेल, धाकटा भाऊ गाडी घेऊन जाईल. स्टँड खाली राहिला तर तो पडेल. त्याला कुणी विचारलं?

आप्पांनी बशी खाली ठेवली. “मागं बसणाऱ्याला कोण इचारतंय? तू मला इचारलंस?”

नंतर ते टीव्ही बघायला गेले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता आणि त्यांच्या आवाजात रागही नव्हता. मी मात्र तिथेच बसलो.

माझ्याकडे बचाव होता, चांगला मजबूत. तो मी स्वतःपुढे मांडून बघितला. पंप डायरेक्ट असल्यामुळे इजा व्हायची तर काय काय व्हावं लागेल? आधी अपघात व्हावा लागेल. त्यात नेमकी पेट्रोलची नळी फाटावी लागेल. मला किल्ली बंद करता येऊ नये. पेट्रोल तापलेल्या धातूवर पडावं. इतकं सगळं एकत्र येण्याची शक्यता नगण्य आहे. उलट त्या गाडीत नुसतं बसणं हाच त्याहून कितीतरी मोठा धोका: एअरबॅग नाही, दार नाही, ट्रकच्या चाकाच्या उंचीवर आपलं डोकं. आप्पा तो धोका पत्करून बसलेच होते. मग ही एक वायर मोजायची कशाला?

हा युक्तिवाद मला दोन दिवस पटला. मग त्यातली फट दिसली. छप्पर नाही हे आप्पांना दिसत होतं. म्हणून तर माकडटोपी घातली. दारं नाहीत, सीट जमिनीला टेकलेली आहे, गाडी पत्र्याची आहे, हे सगळं बघून, हसून, “मरतोय आज” म्हणून ते बसले होते. त्या धोक्याला त्यांचा होकार होता. वायर दिसत नव्हती. तिच्याविषयी जगात एकट्यालाच माहीत होतं, आणि तो एकटा त्यांना हात धरून गाडीत बसवत होता. धोका लहान की मोठा हा प्रश्न नंतरचा. तो मी त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता मोजला होता, आणि माझ्या सोयीचं उत्तर काढलं होतं.

मी बसण्याआधी सांगू शकलो असतो का? “आप्पा, पंप डायरेक्ट आहे, चालेल ना?” बहुधा ते “चल की” म्हणाले असते. मग सांगितलं का नाही? कारण सांगितलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, रिले कुठाय? फळीवर. किती वेळ लागतो? तासभर. मग? या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक मोठी असती तर कदाचित सांगितली असती. इतकी लहान, इतकी आळशी चूक सांगायची लाज वाटते. म्हणून ती सांगायची नाही, आणि सांगायची नाही म्हणून दुरुस्तही करायची नाही, असं हे चक्र सात आठवडे चाललं.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एका परिसंवादात एकाच विषयावर निबंध वाचले. त्यांनी त्याला ‘नैतिक नशीब’ म्हटलं. नेगेलचं एक उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. त्याने ब्रेक तपासून घेतले नाहीत. समजा एक मूल रस्त्यात आलं आणि ब्रेक न लागल्याने ते दगावलं, तर तो स्वतःला जन्मभर दोष देईल आणि जगही देईल. समजा मूल आलंच नाही, तर त्याची चूक किरकोळ निष्काळजीपणात जमा होईल. पण ड्रायव्हरने केलं ते दोन्ही वेळा तेवढंच. मूल रस्त्यात येणं-न येणं त्याच्या हातात नव्हतं. मग दोषात इतका फरक कसा?

यावर तत्त्वज्ञ अजून भांडतात आणि भांडोत. जगाने परिणाम बघून शिक्षा ठरवावी हे मला समजू शकतं. न झालेल्या अपघातांचे खटले चालवायला कुठलं कोर्ट पुरणार? पण मला वाटतं, हा हिशोब ड्रायव्हरने स्वतःपुरता वापरणं चोरी आहे. ‘काही झालं नाही’ ही बातमी त्याला संध्याकाळी घरी आल्यावर मिळते. सकाळी निघताना ती त्याच्याकडे नव्हती. सकाळच्या निर्णयाचे मार्क संध्याकाळच्या बातमीवरून कसे देणार?

शिवाय ‘काही झालं नाही’ हे वाक्य नुसतं समाधान देऊन थांबत नाही, ते पुराव्याचं रूप घेतं. पहिल्या शनिवारी मला थोडी धाकधूक होती. चौथ्या शनिवारी नव्हती. चार वेळा काही न झाल्याने मी जणू सिद्ध केलं होतं की रिलेची गरजच नाही. सुरक्षेच्या वस्तूंची हीच अडचण आहे. त्या काम करत असतात तेव्हा निरुपयोगी असल्यासारख्याच दिसतात. सीटबेल्ट न लावता त्याची पिपाणी बंद करणाऱ्या क्लिपा आपल्याकडे उघड विकल्या जायच्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या काढायला लावल्या. ती क्लिप घेणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्यापाशी हजारो सुखरूप प्रवासांचा पुरावा असतो. १९८४च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायू सुटला त्याच्या कितीतरी महिने आधीपासून टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. माझ्या खेळण्याची त्याच्याशी तुलना करणं हास्यास्पद आहे, मला मान्य. पण त्या मधल्या प्रत्येक रात्रीनंतर, प्रत्येक सकाळी, तिथेही काही झालेलं नसायचं.

आप्पांच्या लाल टेपेकडे मी परत परत येतो. मला ती आवडते आणि पुरेशी वाटत नाही. आवडते, कारण तिच्यात लपवाछपवी नाही. मी डायरेक्ट केलं तेव्हा काळी टेप वापरली होती, बाकीच्या वायरिंगमध्ये मिसळून जाईल अशी. हे मुद्दाम केलं का? तेव्हा हाताशी काळी होती, असं मी म्हणेन. फळीवर लालही होती. पुरेशी वाटत नाही, कारण ती फक्त गाडी उघडणाऱ्याला दिसते. मागे बसणारा गाडी उघडत नाही. आणि बिलावर लिहिल्याने ओझं मिस्त्रीकडून गिऱ्हाइकाकडे जातं, रस्त्यावरून नाहीसं होत नाही. हे मी आप्पांना म्हटलं तेव्हा ते म्हणाले, “तुझ्यासारका इचार केला असता तर गॅरेज म्हयन्यात बंद पडलं असतं.” तेही खरंच आहे. नव्या स्विचचे पैसे ज्याला जड होते त्याला नीतीचे धडे देणं सोपं, आणि माझ्याकडे तर तीही सबब नव्हती. पाच पौंडांची वस्तू फळीवर पडून होती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी गाडी उघडली. गंजलेला रिलेचा सॉकेट कापून काढला, नवा बसवला, पंपाची वायर पुन्हा ईसीयूच्या हुकमात आणली. भंगारवाल्याकडून जुन्या फोर्डचा एक इनर्शिया स्विच आणला. आप्पांनी तो कधी पाहिला नव्हता. आत शंकूसारख्या खळग्यात लोखंडी गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असते. गाडीला जोराचा धक्का बसला की गोळी सुटते, वरच्या पट्टीवर आपटते आणि पंपाची वीज तोडते. वरचं बटण दाबलं की गोळी परत जागेवर. आप्पांनी तो हातात धरून टेबलावर आपटला, टक्. बटण दाबलं. पुन्हा आपटला. पाच-सहा वेळा तरी केलं असेल, लहान मुलासारखं. “ह्यात काय बिघडायचंच न्हाई,” म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून यंत्राला याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. स्विच डाव्या सीटच्या पायापाशी लावला.

मग किल्ली फिरवली. झूं, दोन सेकंद, आणि शांतता.

एक काम राहिलं होतं. सात आठवड्यांत आप्पांशिवाय आणखी दोघं त्या सीटवर बसले होते. एक ऑफिसातला मित्र. त्याला सांगितलं तर तो हसला, म्हणाला, तुझ्या ड्रायव्हिंगची जास्त भीती वाटली होती. दुसरा शेजारचा चौदा वर्षांचा मुलगा, दोनदा. त्याची आई दोन्ही वेळा फाटकापाशी उभी राहून हात हलवत होती.

आप्पा म्हणाले, “कशाला सांगतोस? झालं न्हाई न्हवं काही? आता दुरुस्त केलंय. उगंच पोराचं येणं बंद हुईल.”

मी म्हटलं, “तुम्हीच बिलावर लिहीत होता ना?”

“ते गाडी देताना. गाडी घरी गेल्यावर न्हाई.”

मी शेजारी गेलो, बेल वाजवली. तिच्या दारात उभं राहून रिले, पंप, इंजिन बंद पडल्यावर काय व्हायला हवं होतं, हे सगळं सांगायला मला बराच वेळ लागला, आणि सांगताना ते फारच क्षुल्लक वाटत होतं. तिने मधेच एकदा विचारलं, “आणि हे तुला तेव्हा माहीत होतं?” मी हो म्हटलं. तिने मान हलवली, सांगितल्याबद्दल आभार मानले, आप्पांची चौकशी केली.

त्याला महिना झाला. मुलगा आलेला नाही. त्याच्या परीक्षा चालू होत्या, हेही खरं आहे.